इंग्रजी ग्रामरच्या पेपरातले एस आणि अपॉस्ट्रॉफीचे प्रश्न: पहिल्यांदाच तयारी करताय तर असं सोडवा

माझे ग्रामरच्या पेपरात सगळ्यात जास्त मार्क दोनच जागी जायचे. क्रियापदाला एस लागतो का नाही, आणि अपॉस्ट्रॉफी, म्हणजे ’ हे चिन्ह, एसच्या आधी येतो का नंतर. नियम पाठ होते, कोणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितले असते, पण पेपरात चुकायचंच. बरेच महिने गेल्यावर लक्षात आलं की मी वाक्य कानाने तपासत होते, म्हणजे मनात वाचायचं, बरं वाटलं की "चूक नाही" या पर्यायावर खूण करून पुढे. आणि आपला कान तयार झालाय मराठीवर.

मराठीत बघा ना, "त्याने निबंध लिहिला", "त्याने चिठ्ठी लिहिली", "त्याने पत्रं लिहिली". लिहिणारा तोच, पण क्रियापद बदलतंय लिहिलेल्या वस्तूप्रमाणे. इंग्रजीत असं कधीच होत नाही, तिथे क्रियापद फक्त कर्त्याचं ऐकतं. म्हणून कानाला बाजूला ठेवून हाताने खुणा करत सोडवायची सवय लावा. ती कशी लावायची ते खाली क्रमाने सांगते.

काय काय लागेल

पेन्सिल, जुन्या प्रश्नपत्रिका, एक साधी डिक्शनरी आणि एक चुकांची वही. चुकांच्या वहीत फक्त उत्तर लिहू नका, आपण कशामुळे फसलो ते एका ओळीत लिहा, उदाहरणार्थ "जवळच्या नामाकडे बघितलं". पंधरा-वीस नोंदी झाल्या की दिसेल की आपण त्याच दोन-तीन ठिकाणी फसतोय. ऑनलाइन टेस्ट असेल तरी सराव कागदावरच करा, नंतर त्याच खुणा मनात करता येतात.

१) आधी काळ बघा, एस नंतर

एसचं भांडण मुख्यतः वर्तमानकाळातलं आहे. "ही प्ले" का "ही प्लेज" हा प्रश्न तिथेच येतो. साध्या भूतकाळात "प्लेड" सगळ्यांना सारखंच, तिथे फक्त "वॉज" आणि "वेअर" ची जोडी सांभाळायची. कॅन, विल, शुड, मस्ट यांच्यानंतर एस येतच नाही.

नवीन माणूस इथे एका गोष्टीत हमखास गोंधळतो. नामाला एस लागला की अनेकवचन, पण क्रियापदाला एस लागला की एकवचन! "द स्टुडंट रीड्स" आणि "द स्टुडंट्स रीड". साध्या वाक्यात एस एकाच बाजूला असतो, हे बऱ्यापैकी चालतं, पण "चिल्ड्रन", "पीपल" असे शब्द आले की तो हिशोब मोडतो, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका.

दोन अपवाद पेपरात फार आवडीने विचारतात. "इफ आय वेअर यू" मध्ये "वेअर" बरोबर आहे कारण ती कल्पना आहे, घडलेली गोष्ट नाही. आणि "आय सजेस्ट दॅट ही गो" मध्ये "गो" ला एस लागत नाही, सजेस्ट, डिमांड, इन्सिस्ट, रेकमेंड अशा शब्दांनंतर सूचना किंवा मागणी असेल तर क्रियापद मूळ रूपात राहतं.

२) खरा कर्ता शोधा आणि मधलं सगळं खोडा

ही पायरी नीट जमली तर अर्धं काम झालं, म्हणून इथे थोडं थांबू. एक प्रश्न घेऊ, तो असा चार भागांत येतो:

(अ) द बंडल ऑफ ओल्ड लेटर्स / (ब) अलाँग विथ टू डायरीज अँड सम फोटोग्राफ्स / (क) वेअर फाउंड अंडर द बेड / (ड) चूक नाही.

कानाने वाचलंत तर काही खटकत नाही. लेटर्स, डायरीज, फोटोग्राफ्स, सगळं अनेकवचन, मग "वेअर" बरोबरच वाटणार. आता पेन्सिल घ्या. "ऑफ ओल्ड लेटर्स" वर काट मारा. "अलाँग विथ" पासून "फोटोग्राफ्स" पर्यंत अख्ख्या भागावर काट मारा. उरलं काय? "द बंडल... वेअर फाउंड". एकच गठ्ठा आहे, म्हणजे "वॉज" पाहिजे, चूक (क) मध्ये. पेपर काढणारा मुद्दाम कर्ता आणि क्रियापद लांब ठेवतो आणि क्रियापदाच्या अगदी शेजारी अनेकवचनी नाम आणून बसवतो, सापळा तो तेवढाच असतो.

खोडायचं काय ते ठरलेलं आहे. ऑफ, इन, ऑन, विथ, फॉर अशा शब्दांनी सुरू होणारा तुकडा, दोन कॉमांच्या मधली जास्तीची माहिती, आणि "हू", "विच", "दॅट" ने सुरू होणारं उपवाक्य. "द मॅन हू ओन्स दीज हाउसेस लिव्हज अलोन", यात "हू ओन्स दीज हाउसेस" काढलं की "द मॅन लिव्हज" उरतं, विषय संपला.

एक अडचण मात्र सांगून ठेवते. सम, ऑल, मोस्ट, हाफ, टू थर्ड्स, टक्केवारी यांच्यापुढचा "ऑफ" वाला तुकडा खोडू नका. तिथे उलट त्याच्याकडेच बघायचं असतं: "मोस्ट ऑफ द वर्क इज डन", पण "मोस्ट ऑफ द स्टुडंट्स आर प्रेझेंट". म्हणजे मोजता येणारं अनेकवचन असेल तर "आर", न मोजता येणारं असेल तर "इज".

३) जोडणारे शब्द तीन डब्यांत टाका

पहिला डबा: अँड. दोन वेगळे कर्ते, क्रियापद अनेकवचनी. पण "द सेक्रेटरी अँड ट्रेझरर इज" मध्ये "द" एकदाच आलाय, म्हणजे माणूस एकच आहे आणि त्याच्याकडे दोन पदं आहेत. "द सेक्रेटरी अँड द ट्रेझरर आर" म्हणजे दोन माणसं. हा "द" मोजायची सवय लावा.

दुसरा डबा: ॲज वेल ॲज, अलाँग विथ, टुगेदर विथ, इन ॲडिशन टू, इन्क्लूडिंग, बिसाइड्स. यांचा अर्थ "आणि" सारखा वाटतो पण क्रियापद पहिल्या नामाप्रमाणेच. "द टीचर ॲज वेल ॲज द स्टुडंट्स वॉज प्रेझेंट". मराठीत "विद्यार्थ्यांसोबत शिक्षक हजर होते" असं म्हणताना "सोबत" वाला भाग जसा बाजूचा असतो तसंच समजा.

तिसरा डबा: ऑर, आयदर-ऑर, नायदर-नॉर, नॉट ओन्ली-बट ऑल्सो. इथे क्रियापदाला जो जवळ तो जिंकतो. "नायदर द टीचर नॉर द स्टुडंट्स आर रेडी", पण क्रम उलटा केला की "नायदर द स्टुडंट्स नॉर द टीचर इज रेडी". आणि "आय" जवळ असेल तर "नायदर ही नॉर आय ॲम", ऐकायला विचित्र वाटतं, पण पेपरात हेच बरोबर धरतात.

जवळच्या नामाचा नियम फक्त या तिसऱ्या डब्यापुरता आहे! बरेच जण तो सगळीकडे लावतात आणि दुसऱ्या पायरीतल्या वाक्यात मार्क घालवतात, मीही तेच करायचे.

४) ईच, एव्हरी आणि मंडळी

ईच, एव्हरी, एव्हरीवन, समबडी, नोबडी, आयदर ऑफ, नायदर ऑफ, मेनी अ, मोर दॅन वन. सगळे एकवचनी. "ईच ऑफ द बॉईज हॅज", "मेनी अ स्टुडंट हॅज ट्राइड", "मोर दॅन वन स्टुडंट वॉज ॲबसेंट". शेवटचं अर्थाने पटत नाही, एकापेक्षा जास्त म्हणजे अनेकच की, पण मागे "वन स्टुडंट" आहे म्हणून एकवचन, इथे वाद न घालता लक्षात ठेवा.

ईच कर्त्याच्या नंतर आला तर मात्र त्याची सत्ता संपते: "द बॉईज ईच हॅव अ बुक". इथे कर्ता बॉईज आहे.

५) जिथे मराठी उपयोगी पडते

सुरुवातीला कानावर विसंबू नका म्हणाले, पण अर्थ लावायला मराठीसारखी मदत नाही. दोन जागा अशा आहेत जिथे इंग्रजी नियम पाठ करण्यापेक्षा मनात भाषांतर केलेलं बरं.

"अ नंबर ऑफ स्टुडंट्स" आणि "द नंबर ऑफ स्टुडंट्स". पहिल्याचं मराठी "बरेच विद्यार्थी", मग साहजिकच "आर". दुसऱ्याचं मराठी "विद्यार्थ्यांची संख्या", संख्या एक, मग "इज".

दुसरी जागा: "ही इज वन ऑफ द बॉईज हू प्ले एव्हरी डे". इथे प्ले का प्लेज? मराठीत म्हणा: "रोज खेळणाऱ्या मुलांपैकी तो एक आहे". खेळणारी कोण? मुलं. म्हणून "प्ले". आता मध्ये "ओन्ली" घाला: "ही इज द ओन्ली वन ऑफ द बॉईज हू प्लेज एव्हरी डे", म्हणजे "मुलांपैकी रोज खेळणारा तो एकटाच". खेळणारा तो, म्हणून "प्लेज". हा फरक मला अनेक पानं वाचून कळला नव्हता, मराठीत वाक्य फिरवल्यावर लगेच कळला. आणि उपवाक्य नसेल तर साधं आहे, "वन ऑफ द बॉईज इज ॲबसेंट", कर्ता "वन".

६) दिसतात एक, असतात दुसरे

इथे पाठांतराला पर्याय नाही. न्यूज, मॅथेमॅटिक्स, फिजिक्स, मीझल्स यांना शेवटी एस आहे तरी एकवचनी. सिझर्स, ट्राउझर्स, स्पेक्टॅकल्स अनेकवचनी, पण आधी "अ पेअर ऑफ" लागलं की कर्ता पेअर, म्हणून "इज". पोलीस, कॅटल, पीपल दिसतात एकवचनी पण घेतात "आर". इन्फर्मेशन, फर्निचर, ॲडव्हाइस, लगेज, इक्विपमेंट यांना एस लागतच नाही आणि क्रियापद एकवचनी. अंतर, वेळ, वजन यांचा एकत्र आकडा असेल तर एकवचन: "टेन किलोमीटर्स इज अ लाँग वे".

टीम, कमिटी, फॅमिली यांच्याबद्दल एक इशारा. अमेरिकन इंग्रजीत हे बहुतेक वेळा एकवचनी, ब्रिटिश इंग्रजीत "द टीम आर" सर्रास चालतं. पेपरात साधारणपणे एकवचन धरा, पण वाक्यात सभासदांचं आपापसात जमत नाहीये असं असेल, "द ज्युरी वेअर डिव्हायडेड इन देअर ओपिनियन्स", तर अनेकवचन.

७) वाक्य उलटं असेल तर सुलटं करा

"देअर" ने सुरू झालेल्या वाक्यात कर्ता पुढे असतो, "देअर आर टू रीझन्स". "ऑन द शेल्फ लाय मेनी बुक्स" मध्ये शेल्फकडे बघू नका, पडलीयत ती पुस्तकं. प्रश्नार्थक वाक्य विधानात बदलून बघा. "रीडिंग ओल्ड पेपर्स हेल्प्स" मध्ये कर्ता "रीडिंग" ही क्रिया, म्हणून एकवचन.

८) अपॉस्ट्रॉफी: आधी मालक मोजा, मग चिन्ह लावा

आता मालकीकडे येऊ. इथे बहुतेकांची चूक एकच, ते मालकीच्या वस्तू मोजतात. आणि त्यात आपला दोष नाही, मराठीत चा-ची-चे-च्या वस्तूप्रमाणेच बदलतो: "भावाचा मित्र", "भावाची वही", "भावाचे मित्र". इंग्रजीत अपॉस्ट्रॉफीला वस्तूशी काही घेणं नाही, तो फक्त मालकाकडे बघतो.

म्हणून क्रम असा. मालक आधी पूर्ण लिहून काढा, वस्तूकडे बघू पण नका. मालक एक भाऊ, "ब्रदर". मालक दोन भाऊ, "ब्रदर्स". मग शेवटी बघा: एसने संपणारं अनेकवचन असेल तर नुसता अपॉस्ट्रॉफी, "ब्रदर्स’", नाहीतर अपॉस्ट्रॉफी आणि एस, "ब्रदर’स". चिल्ड्रन, मेन, विमेन ही अनेकवचनं एसशिवायच पूर्ण होतात म्हणून "चिल्ड्रन’स", "विमेन’स". "चिल्ड्रन्स’" असा पर्याय दिसला की लगेच खोडा.

एसने संपणारं एकट्या माणसाचं नाव असेल, समजा जेम्स, तर "जेम्स’स" आणि "जेम्स’" दोन्ही लिहिलेली सापडतात. चांगल्या पेपरात या दोघांपैकी एक निवडायला लावत नाहीत.

मालक दोघं असतील तर वस्तू सामाईक आहे का ते बघा. "रवी अँड मीना’स हाउस" म्हणजे दोघांचं मिळून एक घर, चिन्ह फक्त शेवटच्या नावाला. "रवी’स अँड मीना’स हाउसेस" म्हणजे ज्याचं त्याचं वेगळं. जोडशब्दाला चिन्ह शेवटी, "ब्रदर-इन-लॉ’स", आणि "समबडी एल्स’स", "समबडी’स एल्स" नाही.

निर्जीव वस्तूला सहसा "ऑफ" लावतात, "द लेग ऑफ द टेबल". पण वेळ आणि अंतराला अपॉस्ट्रॉफीच लागतो: "अ डे’ज लीव्ह", "टू वीक्स’ हॉलिडे", "अ स्टोन’स थ्रो". "टू वीक्स’" मधलं शेवटचं चिन्ह राहून जातं, पेपर काढणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं.

आणि एक सुंदर फरक. मराठीत "वडिलांचा फोटो" म्हटलं तर वडील फोटोत आहेत का फोटो वडिलांच्या मालकीचा आहे, कळत नाही. इंग्रजीत कळतं. "अ फोटो ऑफ माय फादर" म्हणजे फोटोत वडील. "अ फोटो ऑफ माय फादर’स" म्हणजे वडिलांकडच्या फोटोंपैकी एक. म्हणूनच "अ फ्रेंड ऑफ माइन" म्हणतात, "अ फ्रेंड ऑफ मी" नाही.

९) सर्वनामाला अपॉस्ट्रॉफी दिसला की शंका घ्या

इट्स, हर्स, अवर्स, युअर्स, देअर्स, हूज ही मालकी दाखवणारी रूपं बिनचिन्हाची असतात. चिन्ह लागलं की ते काहीतरी गाळल्याचं असतं: "इट’स" म्हणजे "इट इज" किंवा "इट हॅज", "हू’ज" म्हणजे "हू इज" किंवा "हू हॅज". तपासायची पद्धत सोपी, त्या जागी पूर्ण "इट इज" ठेवून वाचा, वाक्य जुळलं तर चिन्ह हवं. "द डॉग वॅग्ड इट इज टेल" जुळत नाही, म्हणून बिनचिन्हाचं "इट्स".

नामाच्या मालकीतही हे चिन्ह गाळलेल्या अक्षराचंच आहे. जुन्या इंग्रजीत बऱ्याच नामांना षष्ठीचा प्रत्यय इ आणि एस असा लागायचा, पुढे त्यातला इ गळला आणि त्या जागी हे चिन्ह आलं. गंमत म्हणजे सतराव्या शतकात मालकीचं "इट्स" सुद्धा चिन्ह घालून लिहायचे. म्हणजे आपण करतो ती चूक एकेकाळी रीत होती, पण आजच्या पेपरात चूकच. "वन", "समबडी" अशा सर्वनामांना मात्र मालकीसाठी चिन्ह लागतं, "वन शुड डू वन’स ड्यूटी".

१०) दोन्ही सापळे एकाच वाक्यात

"माय ब्रदर’स फ्रेंड्स" आणि "माय ब्रदर्स’ फ्रेंड" यांत चिन्ह ऐकूच येत नाही, डोळ्यांनीच बघावं लागतं. क्रियापद कोणाप्रमाणे? मालक कितीही असोत, क्रियापद मालकाप्रमाणे नाही, त्याच्या मालकीच्या वस्तूप्रमाणे किंवा माणसाप्रमाणे. "माय ब्रदर’स फ्रेंड्स आर हिअर", भाऊ एक, मित्र अनेक. "माय ब्रदर्स’ फ्रेंड इज हिअर", भाऊ अनेक, मित्र एक. मालकाचा शब्द काट मारून बघा, उरलेला शब्द कर्ता. "द चिल्ड्रन’स रूम इज", मुलं कितीही असली तरी खोली एक.

११) हिज का हर

"सीमा लव्हज हिज ब्रदर" अशी चूक मी स्वतः खूपदा केलीय. "तिचा भाऊ" म्हणताना "चा" भावामुळे येतो आणि डोक्यात पुल्लिंग शिरतं. इंग्रजीत मालकीण बघा, सीमा, म्हणून "हर". "ईच" आणि "एव्हरीवन" नंतर जुन्या धाटणीचे पेपर "हिज" किंवा "हिज ऑर हर" मागतात. आजच्या वापरात एकट्या माणसासाठी "देअर" (म्हणजे "दे" चं मालकीचं रूप) बऱ्यापैकी रुळलंय, मेरियम-वेब्स्टर डिक्शनरीने २०१९ चा शब्द म्हणून "दे" निवडला होता. तरी पर्यायांत "हिज ऑर हर" असेल आणि पेपर जुन्या वळणाचा असेल तर तेच घ्या.

१२) प्रत्यक्ष पेपरात

प्रत्येक वाक्याला याच क्रमाने हात लावा: क्रियापदाला गोल, काळ बघा, मधलं खोडा, कर्त्याला रेघ, मग चिन्हं. "चूक नाही" हे उत्तर शेवटी द्यायचं, बाकीचे सगळे भाग तपासून झाल्यावर, पण ते कधीकधी खरंच बरोबर असतं, त्यामुळे काही सापडलं नाही म्हणून जबरदस्तीने चूक शोधू नका. सुरुवातीला एका प्रश्नाला दोन मिनिटं लागतील. लागू द्या, घड्याळ लावून सराव तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून सुरू करा, तोपर्यंत काट मारायला हात आपोआप जायला लागतो. आणि उत्तर बरोबर आलं तरी कारण सांगता आलं नाही, तर ते वाक्य सुद्धा चुकांच्या वहीत उतरवून ठेवा.